चिठ्ठी नसलेल्या बाटल्या

घाटाखालच्या एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक वृद्ध लिलावकार होऊन गेले. सारा गाव त्यांना अण्णा म्हणत असे. बंद पडलेल्या छापखान्याचे खिळे असोत, एखाद्या वकिलाच्या कपाटातले ग्रंथ असोत वा मोडलेल्या संसारातली तांब्यापितळेची भांडी असोत, अण्णांच्या हातोडीखालून गेलेल्या वस्तूविषयी घेणाऱ्याने किंवा देणाऱ्याने कधी कुरकुर केल्याचे कोणाला आठवत नव्हते. त्यांच्या हाताखाली शुभदा नावाची एक तरुण शिष्या शिकत होती. ती कष्टाळू होती, तरतरीत होती आणि कमालीची नेटकी होती. वस्तू हाती आली की तिचा काळ, तिचा प्रकार आणि तिची प्रत निश्चित करून तिच्या गळ्यात चिठ्ठी बांधल्यावाचून शुभदेला चैन पडत नसे.

त्या गावच्या लिलावाची एक जुनी रीत होती. सर्वोत्तम वस्तू प्रथम पुकारायच्या, मग उतरत्या क्रमाने बाकीच्या. आणि दिवस मावळेपर्यंत जिला बोली लागणार नाही, ती मोडवाल्याची. हुसेनभाई मोडवाले यासाठी सकाळीच येऊन शेवटच्या रांगेत बसत. मांडीवर रिकाम्या पोत्यांची घडी असे. इतक्या लवकर कशाला आलात, असे कोणी विचारले, तर ते हसून म्हणत, "मी पंगतीत शेवटी बसणारा माणूस. वाढणाऱ्याचा हात तेव्हाच सैल होतो." त्यांच्या पोत्यात लोखंड गेले तर ते ओतशाळेत पोहोचे. काच गेली, तर ती पोत्यातच फुटे आणि पुढे भट्टीत वितळून जाई.

एके दिवशी गावातले जुने औषधविक्रेते रेगे अण्णांकडे आले. आपले दुकान त्यांनी केव्हाच मिटवले होते. पण बाटल्या जमवण्याचा त्यांचा छंद मात्र वयाबरोबर वाढतच गेला होता. ते ज्या गावी जात तिथल्या जुन्या बाजारातून एखादी तरी बाटली कापडात गुंडाळून घेऊन येत. घराच्या खिडक्या, कोनाडे, जिन्याच्या पायऱ्या, इतकेच काय, देवघराची वरची फळीही बाटल्यांनी व्यापली होती. ते स्वतःच सांगत, "गावात बाटलीचा नाद लागलेले पुष्कळ आहेत, रिकाम्या बाटलीचा नाद लागलेला मी एकटाच." आता त्यांची लेक त्यांना आपल्या गावी, आपल्या लहानशा घरी नेणार होती. तिथे माणसांना जागा होती, बाटल्यांना नव्हती. राहत्या घराची किल्ली नव्या भाडेकऱ्याला द्यायची असल्याने लिलावाच्या दिवशीच घर रिकामे होणे आवश्यक होते.

रेगे दुःखी नव्हते. लेकीकडे जायला मिळणार म्हणून ते लहान मुलासारखे खुशीत होते. निघताना मात्र दारात थांबून त्यांनी शुभदेला म्हटले, "पैसे किती येतात ते अण्णांनी बघावं. तू एवढंच बघ, बाई, की माझी एकही बाटली त्या पोत्यात जायची नाही."

शुभदेने शब्द दिला. तिच्या स्वभावाला हा शब्द म्हणजे एक व्रतच होते.

दुसऱ्या दिवसापासून तिने रेग्यांच्या घरी मुक्काम ठोकला. तांदळाच्या कण्या आणि कोमट पाणी बाटलीत घालून ती बाटली खळखळून धुवायची, उन्हात उपडी ठेवायची आणि वाळली की उजेडासमोर धरून तिची परीक्षा करायची. तळाशी खरखरीत व्रण असेल, तर ती फुंकून घडवलेली. कडेची शिवण थेट ओठापर्यंत चढली असेल, तर यंत्रातून निघालेली. हे सारे तिला अण्णांनी शिकवले होते, आणि ती ते विसरणारी नव्हती. हळूहळू दिवाणखान्यात वर्ग पडू लागले. गळ्यात गोटी अडकलेल्या सोड्याच्या बाटल्या एका टेबलावर, अत्तराच्या नाजूक कुप्या दुसऱ्यावर. एका बाजूला दौती. विषारी औषधांच्या गर्द निळ्या, खाचाखाचांच्या बाटल्यांना तिने खिडकीपाशी मानाची जागा दिली. अंधारातसुद्धा हाताला धोका कळावा म्हणून त्यांच्या अंगावर त्या खाचा घातलेल्या असत. सर्वांत शेवटी रेग्यांच्याच दुकानातल्या, डोसाच्या खुणा असलेल्या मिक्श्चरच्या बाटल्या. त्या संख्येने अधिक आणि दिसायला सामान्य. शुभदेने त्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या बांधल्या: 'औषधाची, साधी.' ज्यांच्या कडा उडाल्या होत्या त्यांवर तेही प्रामाणिकपणे लिहिले.

परंतु काही बाटल्या कोणत्याच वर्गात बसेनात. एकीला दोन तोंडे होती. एकीचे पोट एकाच बाजूने दाबल्यासारखे आत गेले होते. एक अंगठ्याएवढी, हिरवीगार, मानेभोवती काचेचे कडे ल्यालेली. तर दुसरीच्या कुशीला इवलासा कान, ज्यात करंगळीही शिरू नये. शुभदेने पुस्तके चाळली, अण्णांची जुनी टिपणे पाहिली, आणि शेवटी एका दुपारी ती दोन तोंडांची बाटली घेऊन रेग्यांपुढे उभी राहिली. ही काय आहे, असे तिने विचारले. रेगे पानाचा डबा उघडत म्हणाले, "ते ठाऊक असतं, तर घेतली कशाला असती?" शुभदेला ती थट्टा वाटली आणि थोडा रागही आला. तिने या सर्व बाटल्या एका टेबलाखाली सारल्या, त्यांवर चादर ओढली आणि समोर एक पुठ्ठा उभा केला. त्यावर वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'इतर.'

लिलावाचा दिवस उजाडला. दिवाणखाना पाहून कोणाचेही मन प्रसन्न झाले असते. सकाळचे ऊन काचांतून भिंतींवर सांडले होते आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पांढरीशुभ्र चिठ्ठी डुलत होती. शहरातून आलेला एक व्यापारी निळ्या बाटल्यांपुढून हलायला तयार नव्हता. गावातली माणसेही जमली होती. पण त्यांतली बहुतेक रेग्यांना निरोप द्यायला आली होती, विकत घ्यायला नव्हे. शेवटच्या रांगेत हुसेनभाई होतेच.

अण्णा आले. त्यांनी एकवार सर्वत्र नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि मग जे केले ते शुभदेच्या कल्पनेतही नव्हते. त्यांनी निळ्या बाटल्यांचे टेबल मागे सरकवले, वाकून ती चादर दूर केली आणि खालच्या त्या बिनचिठ्ठीच्या बाटल्या एकेक करून सर्वांपुढे, भर उन्हात मांडल्या. 'इतर'चा पुठ्ठा त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला.

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "यांना प्रथम पुकारलं, तर लोक उठून जातील. निळ्यांसाठी आलेला माणूस यांच्यासाठी कशाला बसेल? आणि माझा शब्द गेलाय रेग्यांना."

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी तिच्या हातात ती अंगठ्याएवढी हिरवी बाटली ठेवली आणि सांगितले, "तू फक्त उचलून धर. हे काय असावं, एवढंच विचार. तुझा अंदाज मात्र सांगू नकोस."

शुभदेने बाटली उचलून धरली. हे काय असावे, असे तिने विचारले, तेव्हा तिचा आवाज तिलाच परका वाटला. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले. मागून हुसेनभाईंनी पोत्याचे तोंड थोडेसे उघडून दाखवले आणि चारदोन माणसे हसली. रेगे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिच्याकडेच पाहत होते.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या पार्वतीबाईंनी हात पुढे केला. या बाई वयाने मोठ्या, गावातल्या अर्ध्या बाळंतपणांना हजर असलेल्या. इकडे आण गं जरा, म्हणून त्यांनी बाटली मागून घेतली, चष्मा वर सारला आणि निर्वाळा दिला की ही काजळाची. कड्यात दोरी ओवून पाळण्याला बांधायची. त्यांच्या शेजारचे तेलाचे दुकानदार कुलकर्णी यांना ते मुळीच पटले नाही. काजळ काढायला बोट जायला नको का, असे त्यांनी विचारले. ही नस्याच्या तेलाची, नाकात थेंब पडावा म्हणून मान अशी अरुंद. पार्वतीबाई म्हणाल्या, "कुलकर्णी, तुम्हाला देवाच्या आरतीतसुद्धा तेलच दिसतं." सभा खळखळून हसली. कुलकर्ण्यांनी इरेला पेटून बोली लावली. पार्वतीबाईंनी ती वाढवली. हां हां म्हणता ती एवढीशी बाटली चार हातांतून फिरून आली आणि अण्णांनी एकवार, दोनवार, तीनवार म्हणून ती पार्वतीबाईंच्या नावे केली, तेव्हा कुलकर्णी हिरमुसले होते; पण पुढच्या बाटलीसाठी ते खुर्ची ओढून पुढे सरकले.

मग दोन तोंडांची निघाली. ती तेल आणि सिरका एकत्र ठेवायची, असे एकजण म्हणाला. दुसऱ्याच्या मते ती दोन भावांच्या भांडणातून जन्मली होती, प्रत्येकाला आपापले तोंड हवे म्हणून. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी ती ओठांशी धरली आणि एका तोंडात फुंकर घातली. दुसऱ्यातून घुमल्यासारखा आवाज निघाला, आणि मग प्रत्येकालाच ती फुंकून पाहायची होती. पोट आत गेलेली कोणाच्या कमरेला बरोबर बसते, याची परीक्षा भर सभेत सुरू झाली. लठ्ठ माणसांना ती बसेना आणि सडपातळ माणसे आपले सडपातळपण मिरवू लागली. शहरातला व्यापारी आधी चुळबुळला, मग कुतूहलाने पुढे आला आणि शेवटी इवल्या कानाच्या बाटलीवरून त्याची आणि हुसेनभाईंची जुंपली. त्याने विचारले, हे तुम्हाला कशाला हवे, तुम्ही तर फुटक्या काचेचे गिऱ्हाईक. हुसेनभाई म्हणाले, "शेटजी, घरी गेलो की बायको रोज विचारते, काय आणलंत. आज पहिल्यांदा मीच विचारीन, ओळख पाहू." त्यावर व्यापाऱ्याने हात जोडले आणि बाटली सोडून दिली.

बिनचिठ्ठीची एकही बाटली उरली नाही.

त्यानंतर निळ्या बाटल्या पुढे आल्या. त्या चांगल्या गेल्या. व्यापाऱ्याने चिठ्ठी वाचली, बोली लावली, चिठ्ठी वाचली, बोली लावली. सोड्याच्या बाटल्या, दौती, अत्तराच्या कुप्या, साऱ्यांना योग्य मोल आले. शुभदा अभिमानाने मोहरली होती. तरी तिच्या डोळ्यांतून एक गोष्ट सुटली नाही. यांपैकी कोणतीही बाटली कोणी उजेडासमोर धरली नव्हती. फिरून कोणाच्या हातात गेली नव्हती. दिवाणखाना पुन्हा शांत झाला होता, जसा बँकेत असतो.

आणि मग शेवटचे टेबल आले, मिक्श्चरच्या बाटल्यांचे. 'औषधाची, साधी.' 'औषधाची, साधी, कड उडालेली.' अण्णांनी पहिली पुकारली. बोली आली नाही. दुसरी पुकारली. व्यापारी आपल्या निळ्या बाटल्या भुशात बांधू लागला होता. पुढच्या रांगेतल्या एकाने वाकून चिठ्ठी वाचली, "साधी आहे", असे शेजाऱ्याला सांगितले आणि तो पुन्हा मागे टेकला. ऊन उतरत होते. हुसेनभाईंनी अनिच्छेने का होईना, पोते झटकले. रीत ती रीत होती. रेगे खिडकीबाहेर पाहू लागले होते.

शुभदेने त्या रांगेकडे पाहिले. तिनेच धुतलेल्या, तिनेच बांधलेल्या, तिनेच 'साधी' म्हटलेल्या त्या बाटल्या. तिने अण्णांकडे पाहिले. अण्णा हातोडी टेबलावर ठेवून स्वस्थ उभे होते. पुढे काय करावे, याची कसलीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

तिने चिठ्ठ्या बांधताना वापरलेली कात्री उचलली आणि पहिल्या बाटलीचा दोरा कापला. मग दुसरीचा, मग तिसरीचा. पांढऱ्या चिठ्ठ्या जमिनीवर पडत राहिल्या. शेवटची चिठ्ठी गळून पडल्यावर तिने एक बाटली उचलली, खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरली आणि लोकांना विचारले, "सांगा, यात काय होतं?"

मग मागून एक भारदस्त आवाज आला, "माझा हिवताप." तो गावच्या पाटबंधारे कचेरीतला मोठा कारकून होता. कोयनेल इतके कडू होते, की आईने नाक धरल्याशिवाय घोट उतरत नसे, असे त्याने सांगितले. त्याबरोबर जणू बांधच फुटला. कोणाचा डांग्या खोकला, कोणाचे जंत. कोणी परीक्षेच्या दिवशी खोटेच पोट दुखवून घेतले होते आणि रेग्यांनी ते ओळखून नुसते गुलाबी रंगाचे साखरपाणी दिले होते. "आणि बरं वाटलं की नाही?" असे रेग्यांनी खुर्चीवरूनच विचारले, तेव्हा तो गृहस्थ पन्नाशीच्या वयात लाजला. पार्वतीबाई म्हणाल्या की हिच्यातला तिसरा डोस मी नेहमी तुळशीला घातला आणि ती तुळस अजून जिवंत आहे. लोक हसत होते, डोळे पुसत होते आणि बोली लावत होते. कड उडालेली बाटली तर दोघांना हवी होती. ती आपल्याच दातांनी उडाली, असे दोघांचेही म्हणणे होते.

दिवस मावळण्यापूर्वी टेबल रिकामे झाले. हुसेनभाईंनी पोत्यांची घडी घातली, ती बगलेत मारली आणि रेग्यांना सलाम करून ते आपली एक बाटली सांभाळत निघून गेले. रेगे बराच वेळ रिकाम्या दिवाणखान्यात फिरत राहिले. मग त्यांनी शुभदेच्या डोक्यावर हात ठेवला आणि न्यायला आलेल्या लेकीला हाक मारत ते आत गेले.

शुभदा जमिनीवरच्या चिठ्ठ्या गोळा करीत होती. ती म्हणाली, "अण्णा, माझ्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या का?"

अण्णा तिच्याजवळ जिन्याच्या पायरीवर बसले. "एकही चुकीची नव्हती. तो व्यापारी शहरातून इथवर आला, तो त्या अचूक चिठ्ठ्यांच्याच भरवशावर. पण चिठ्ठी वाचली की माणसाचं काम संपतं, शुभदा. मग तो बाटलीकडे बघत नाही, खिशाकडे बघतो. नाव नसलेल्या वस्तूपुढे मात्र त्याला थांबावं लागतं. ती हातात घ्यावी लागते, उजेडात धरावी लागते, स्वतःचं काहीतरी तिच्यात ओतून बघावं लागतं. आणि ज्यात आपण स्वतःचं काही ओतलं, ते मोडीत टाकायला कोणाचा हात धजत नाही. तू त्या बाटल्यांना 'इतर' म्हणालीस, कारण त्या काय आहेत ते तुला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक नसणं हा काही त्यांचा दोष नव्हे."

"मग यापुढे चिठ्ठ्या बांधूच नयेत का?"

"बांध की. नीट बांध. फक्त आधी बघत जा."

चिठ्ठ्यांची पुरचुंडी शुभदेने टोपलीत टाकली, खिडक्या लावल्या आणि ती बाहेर पडली. फाटकापाशी एक परकी बाई थांबली होती. शेजारच्या गावची असावी. लिलाव पाहायला सहज म्हणून आली होती आणि एक बाटली घेऊन निघाली होती. मधासारख्या रंगाची, किंचित तिरकी, पोटात एक लांबट बुडबुडा अडकलेली. शुभदेला पाहून तिने संकोचाने ती पुढे केली आणि विचारले, "बाई, तिथे सगळ्यांनी सतरा गोष्टी सांगितल्या. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला खरं ठाऊक असेल. ही नक्की काय आहे हो?"

शुभदेने बाटली घेतली. व्रण शोधायला तिचे बोट सवयीने तळाकडे गेले आणि तिथेच थांबले. तिने बाटली मावळतीकडे धरली. तो बुडबुडा, जो कोणा अनोळखी कारागिराचा श्वास म्हणून आत राहिला असेल, उन्हात एकाएकी पेटल्यासारखा चमकला. ती किती तरी वेळ पाहत राहिली.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. आयुष्यात हे वाक्य इतक्या आनंदाने तिने प्रथमच उच्चारले होते. "तुम्ही बघा, इथून बघा."

आणि त्या दोघी फाटकापाशी, खांद्याला खांदा लावून, ती बाटली पाहत उभ्या राहिल्या.